दात नसलेल्या कुत्र्याचं जेवण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या तोंडाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांची काळजी एकच : दात गेले, आता हा खाणार कसा? आमचा अनुभव उलटा आहे. दात गेल्यामुळे कुत्रा सहसा उपाशी राहत नाही. त्याची उपासमार होते ती तोंडात राहिलेल्या दुखऱ्या दातांमुळे, किंवा जेवण बदलताना माप चुकल्यामुळे.

प्रश्न : आमचा कुत्रा 12 वर्षांचा, 8 किलोचा आहे. डॉक्टर म्हणतात, दोन सोडून सगळे दात काढावे लागतील. आहेत ते हलते का होईना, पण त्यांनी तो खातोय. सगळे काढले तर त्याचं कसं होईल?

कुत्र्याला 42 दात असतात, पण आपल्यासारखा घास चावून बारीक करणं हे त्यातल्या बहुतेकांचं काम नाही. कुत्र्याचा जबडा मुख्यतः वर-खाली चालतो, आडवा फिरवून दळता येत नाही. सुळे पकडण्यासाठी आणि बाजूच्या मोठ्या दाढा कात्रीसारख्या कापण्यासाठी. तोडलेला तुकडा घशात बसेल एवढा झाला की तो गिळायचा, बाकीचं पोट बघतं. त्याच्या लाळेत पिष्ट पदार्थ पचवणारा रसही जवळजवळ नसतो, त्यामुळे नीट चावलं नाही म्हणून पचलं नाही, असं सहसा होत नाही. मऊ अन्न उचलायला आणि मागे ढकलायला जीभ पुरते.

आता त्या हलत्या दातांकडे बघा. दात हलतो म्हणजे त्याला धरणारं हाड झिजलेलं आहे आणि मुळाशी संसर्ग आहे. प्रत्येक घासाला तिथे कळ येते. कुत्रा खातो, कारण भूक कळेपेक्षा मोठी असते. भांड्याशी जाऊन परत फिरणं, एकाच बाजूने खाणं, तोंडातला दाणा खाली पाडून पुन्हा उचलणं, पाण्यात लालसर तार दिसणं, पंजाने तोंड घासणं, यातलं काही होत असेल तर त्याला दुखतंय, असंच समजा. छोट्या कुत्र्यात आणखी एक धोका असतो. खालचा जबडा बारीक आणि दाढेचं मूळ लांब, त्यामुळे तिथलं हाड पोखरलं गेलं तर साध्या उडीनेही जबडा मोडू शकतो. वरच्या सुळ्याच्या मुळाशी संसर्ग झाला तर तोंड आणि नाक यांच्यात भोक पडू शकतं.

तेव्हा दात काढून घ्या. त्याआधी रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी, आणि भूल दिलेली असतानाच तोंडाचे एक्स-रे, या दोन गोष्टी आवर्जून विचारा. एक्स-रेशिवाय मुळाचा तुकडा आत राहिल्याचं कळत नाही, आणि तो राहिला तर दुखणंही राहतं. जखमा भरल्यावर पुष्कळ कुत्री आधीपेक्षा जास्त आवडीने जेवतात.

प्रश्न : उद्या आमच्या कुत्रीचे 14 दात काढणार आहेत. घरी आणल्यावर पहिल्या दिवसापासून काय आणि किती द्यायचं?

पहिल्या संध्याकाळी घाई नको. ती न धडपडता चालते आहे आणि मान नीट धरते आहे, हे दिसल्यावरच भांडं पुढे ठेवा. नेहमीच्या जेवणाचा पाव ते एक तृतीयांश भाग पुरे. भुलीमुळे मळमळ असते. उलटी झाली तर रात्री फक्त थोडं थोडं पाणी द्या आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करा. अन्न कोमट किंवा घरातल्या तापमानाचं हवं. जबड्यात बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा परिणाम काही तास टिकतो आणि तोंड भाजलेलं तिला कळणार नाही.

पहिले तीन-चार दिवस गुठळ्या नसलेला मऊ लगदा द्या. पातळ मात्र करू नका. चमच्यावर थोडं घ्या आणि चमचा तिरका करा. दोन-तीन सेकंद धरून राहून मग घसरलं तर दाटपणा बरोबर आहे. लगेच ओघळलं तर पाणी जास्त झालं, अजिबात हललं नाही तर ते टाळूला चिकटून बसेल. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पाचव्या दिवसापासून बोटांनी सहज चुरगळेल असं मऊ अन्न चालेल. टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात, ते ओढू नका. फेरतपासणी साधारण 10 ते 14 दिवसांनी असते. तोवर कोरडे दाणे, खेळणी आणि दोरी ओढण्याचा खेळ बंद.

वेदनाशामक औषध ती बरी दिसतेय म्हणून मधेच थांबवू नका. बहुतेकदा ती बरी दिसते ते त्या औषधामुळेच. बरीचशी वेदनाशामकं जेवणासोबत द्यायची असतात, त्यामुळे आधी दोन घास, मग औषध. घरातलं माणसांचं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कदापि देऊ नका. पहिले एक-दोन दिवस लाळ गुलाबीसर दिसणं चालतं. रक्त थेंबथेंब गळत असेल, सूज वाढत असेल, घाण वास परत आला असेल किंवा खाताना-पिताना शिंका येत असतील, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दात गेल्यापासून ड्राय फूड बंद करून डब्यातलं ओलं अन्न सुरू केलं. आमचा 10 किलोचा कुत्रा रोज 400 ग्रॅमचा अख्खा डबा संपवतो, भांडं चाटून पुसून ठेवतो, तरी बरगड्या दिसू लागल्या आहेत. जंत असतील का?

जंतांची तपासणी करून घ्या, पण आमचा पहिला संशय डब्यावर आहे. ओल्या अन्नात साधारण 75 ते 80 टक्के पाणी असतं, ड्राय फूडमध्ये 10 टक्क्यांच्या आसपास. म्हणून 100 ग्रॅम ड्राय फूडमध्ये साधारण 350 ते 400 किलोकॅलरी मिळतात आणि 100 ग्रॅम ओल्या अन्नात 80 ते 120. भांडं भरलेलं दिसतं, पण त्यात बरंचसं पाणीच असतं.

तुमच्या कुत्र्याला किती लागतं ते फोनच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. वजन किलोत घ्या आणि तीन वेळा मांडून गुणाकार करा : 10 × 10 × 10 = 1000. त्याचं वर्गमूळ, मग आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ. आकडा येतो 5.62. याला 70 ने गुणलं की 394. नुसतं पडून राहिलेल्या शरीराला दिवसाला एवढ्या किलोकॅलरी लागतात. म्हाताऱ्या, बेताने हिंडणाऱ्या कुत्र्यासाठी याला 1.2 ते 1.4 ने गुणा, म्हणजे साधारण 470 ते 550. डब्यावर 100 ग्रॅममागे 90 लिहिलं असेल तर 400 ग्रॅममध्ये मिळाल्या 360. पडून राहण्यापुरत्याही नाहीत! अशा अन्नाचे त्याला 520 ते 610 ग्रॅम लागतील, नाहीतर डबा आणि भिजवलेलं ड्राय फूड यांची सांगड घालावी लागेल. अर्धा डबा, 200 ग्रॅम, म्हणजे 180 आणि 90 ग्रॅम ड्राय फूड म्हणजे साधारण 325. बेरीज 505.

हा आकडा सुरुवातीपुरता आहे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी असू शकते. दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करा. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि मग स्वतःचं वजन वजा करा. दोन आठवड्यांनी वजन घटतच असेल तर 10 टक्के वाढवा. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. मूळ वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी घट झाली असेल, किंवा पुरेसं खाऊनही कुत्रा सुकत असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह आणि इतर आजार तपासायलाच हवेत.

म्हातारपणी प्रथिनं कमी करावीत, हा समजही पत्रांमधून पुन्हा पुन्हा दिसतो. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर असं करू नका. वय वाढलं की मांड्यांचं आणि पाठीचं मांस झडतं, तेव्हा चांगली प्रथिनं उलट जास्त लागतात.

अन्न बदलायचं ते आठवडाभरात : दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एका दिवसात बदललं तर जुलाब होतात आणि दोष बिचाऱ्या नव्या अन्नाला लागतो.

प्रश्न : ड्राय फूड भिजवून देतो, पण कधी आतून कडक राहतं, कधी इतकं पातळ होतं की तो नुसतं पाणी पिऊन दाणे सोडतो. योग्य पद्धत कोणती?

आधी कोरडे दाणे वजन करून घ्या. फुगल्यावर माप कळत नाही. एका वाटीला एक वाटी पाणी घातलं तर दाणे मऊ होतात, दीड वाटी घातलं तर कालवून लगदा करता येतो. पाणी हाताला सोसेल एवढं गरम असावं, उकळतं नको. थायामिनसारखी काही जीवनसत्त्वं उष्णतेने कमी होतात. झाकण ठेवून लहान दाणे 20 ते 30 मिनिटं आणि मोठे दाणे तासभर भिजवा. मग सर्वांत मोठा दाणा बोटांत दाबून बघा. मध्ये कडक टिकली लागली तर आणखी थांबा. घाई असलेल्या घरांनी रात्रीच झाकून फ्रिजमध्ये भिजत ठेवलेलं बरं.

उरलेलं पाणी ओतून टाकू नका. दाण्यांवर बाहेरून चरबी आणि स्वाद फवारलेला असतो, तो त्या पाण्यात उतरतो. तुमचा कुत्रा पाणीच पितो त्याचं कारण तेच. उपाय असा : पाणी घातल्यावर काट्याने किंवा मिक्सरमध्ये सगळं एकजीव करा, म्हणजे निवडायला काही उरणार नाही.

फ्रिजमधलं अन्न शरीराच्या तापमानाइतकं, 37-38 अंशांपर्यंत, कोमट करा. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक मंद झालेलं असतं आणि थंड अन्नाला वास येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटके देणारे भाग राहतात, म्हणून नीट ढवळून मनगटावर लावून बघा. दूध घालून भिजवू नका, अनेक प्रौढ कुत्र्यांना ते पचत नाही. चिकनचं पाणी चालेल, पण त्यात कांदा, लसूण, मीठ नको. भिजवलेलं अन्न भांड्यात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं, त्यापुढे फेकून द्या.

आणि एक : काही बिनदाताची कुत्री बारीक दाण्यांचं ड्राय फूड तसंच गिळतात आणि मजेत असतात. खोकला नाही, ठसका नाही, वजन टिकून आहे, तर भिजवण्याचा आग्रह कशाला?

प्रश्न : खालचे सुळे काढल्यापासून जीभ एका बाजूला लोंबते. अन्न भांड्याबाहेर जास्त आणि पोटात कमी. कधी कधी ठसकाही लागतो.

खालचे सुळे जिभेला दोन्ही बाजूंनी कठड्यासारखे धरून ठेवतात. ते गेले की जीभ बाहेर येते. त्याने दुखत नाही. टोक कोरडं पडून भेगाळतंय का, हे मात्र बघत राहा, आणि पाणी नेहमी हाताशी ठेवा.

सांडण्यावर उपाय बहुतेक वेळा भांड्यात सापडतो. खोलगट वाडग्यात त्याला तळापर्यंत जीभ घालावी लागते आणि सपाट ताटलीत तो अन्न नुसतंच पुढे ढकलत राहतो. रुंद, सपाट तळाचं आणि तीन-चार सेंटिमीटर उभ्या काठाचं भांडं घ्या. काठाला अन्न अडतं आणि तिथून जिभेवर येतं. खाली रबरी चटई ठेवा. पसरलेला लगदा त्याला उचलता येत नसेल तर त्याच अन्नाचे मऊ गोळे करा, लहान कुत्र्यासाठी वाटाण्याएवढे. जीभ आणि टाळू यांच्यात दाबल्यावर फुटतील इतके मऊ हवेत. मान आखडलेली असेल तर भांडं कोपराच्या उंचीवर ठेवून बघा. मोठ्या, खोल छातीच्या जातींत मात्र उंच भांड्याचा पोटाला पीळ पडण्याशी संबंध असल्याची शंका घेतली जाते, तिथे आधी डॉक्टरांना विचारा.

ठसक्याकडे दुर्लक्ष नको. पातळ अन्न श्वासनलिकेत उतरणं सोपं असतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. अन्न दाट करूनही ठसका राहिला, भुंकण्याचा आवाज बदलला किंवा श्वास घेताना घरघर येऊ लागली, तर घसा तपासून घ्या. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांत स्वरयंत्राचा पक्षाघात होतो, त्याची सुरुवात अशीच असते. नाकातून अन्न किंवा पाणी येत असेल तर टाळूला भोक पडलेलं असण्याची शक्यता मोठी. ते टाके घालून बंद करावं लागतं.

जेवणानंतर ओल्या कापडाने ओठांच्या घड्या पुसून कोरड्या करा. तिथे अन्न साचलं की कातडी लाल होते आणि वास मारते.

प्रश्न : घरीच चिकन-भात शिजवून मिक्सरमधून काढून दिला तर?

दोन आठवडे, जखम भरेपर्यंत, खुशाल. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला शिजलेलं, हाडं आणि कातडी काढलेलं मांडीचं चिकन 150 ग्रॅम आणि मऊ भात 150 ग्रॅम दिला की 500 किलोकॅलरीच्या आसपास होतं. छातीचं चिकन टाळा. त्याचे कोरडे धागे निघतात आणि न चावता गिळताना घशात अडकतात. फिरवताना शिजवलेलं पाणीच दोन-दोन चमचे घाला. शिजलेली हाडं मिक्सरमध्ये घालू नका, त्यांच्या टोकदार किरच्या उरतात.

कायमचं देणार असाल तर एवढ्याने भागणार नाही. 100 ग्रॅम मांसात साधारण 200 मिलिग्रॅम फॉस्फरस असतं आणि कॅल्शियम मात्र 10-15 मिलिग्रॅमच. अशा अन्नावर महिनोन् महिने काढले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, आणि त्याचा फटका जबड्यालाही बसतो, म्हणजे नेमक्या आधीच कमजोर झालेल्या हाडाला. रोज 500 किलोकॅलरी खाणाऱ्या कुत्र्याला अन्नातून साधारण 600 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याच्या कवचाच्या एक ग्रॅम बारीक पुडीत साधारण 380 असतं, म्हणजे रोज दीड ग्रॅमच्या आसपास. तरीही झिंक, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं उरतातच. त्यांच्यासाठी पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती आखून घ्या किंवा निम्म्याहून बरंच जास्त जेवण 'संपूर्ण व संतुलित' असं लिहिलेल्या तयार खाद्याचं ठेवा. चव म्हणून वरून घातलेल्या गोष्टी दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शात बसवा.

बाळांसाठीचं तयार अन्न मऊ मिळतं म्हणून अनेक जण देतात. त्यात कांद्याची किंवा लसणाची पूड आहे का, हे लेबलवर वाचा. शेंगदाण्याचं लोणी घेतलंत तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा, कुत्र्यांना विषारी गोड पदार्थ) नाही ना, हेही. द्राक्षं आणि मनुका कोणत्याही रूपात नकोत.

प्रश्न : आता दातच नाहीत, म्हणजे ब्रशची कटकट संपली ना?

एकही दात उरला नसेल तर हो. चार उरले असतील तर त्या चारांना रोज ब्रश हवाच, मऊ अन्नाने किटण लवकर साचतं. माणसांची टूथपेस्ट वापरू नका. दात नसले तरी महिन्यातून एकदा ओठ उचलून आत नजर टाका. हिरडीवर गाठ, काळा डाग किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवा, म्हाताऱ्या कुत्र्यांत तोंडाचे कर्करोग होतात.

प्रश्न : चघळायची सवय जात नाही. हाड द्यावं का? आणि गोळ्या अन्नात कुटून घातल्या तर चालतील का?

हाड, शिंग, बर्फाचे खडे यांपैकी काहीच नको, हिरड्या फाटतात. जखमा पूर्ण भरल्यावर, बोटाने दाबलं की दबेल अशा मऊ रबरी खेळण्यात ओलं अन्न भरून द्या, किंवा चाटायच्या खडबडीत रबरी चटईवर पसरवा. चाटण्यातही त्याचा बराच वेळ जातो.

गोळ्यांचं विचारून घ्या. काहींवर आवरण असतं ते औषध पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावं म्हणून, काही औषध हळूहळू सोडणाऱ्या असतात. त्या कुटायच्या नसतात. ज्या कुटता येतात त्या एक चमचाभर अन्नात आधी द्या आणि उरलेलं जेवण नंतर. पूर्ण भांड्यात मिसळलेलं औषध निम्मं भांड्यातच राहतं.

प्रश्न : आमच्या कुत्र्याने कालपासून काहीच खाल्लं नाही. सिरिंजने भरवू का?

आधी कारण शोधायला हवं. म्हाताऱ्या कुत्र्याने 24 तास तोंड लावलं नसेल तर डॉक्टरांकडे न्या. अगदी छोटी जात असेल, उलट्या होत असतील किंवा मधुमेह असेल तर तेवढंही थांबू नका. इन्सुलिनवर असलेल्या कुत्र्याने जेवण टाळलं तर नेहमीचा डोस टोचण्यापूर्वी फोन करा.

सिरिंज डॉक्टरांनी सांगितली तरच. ती समोरून घशात मारायची नसते. डोकं वर न उचलता, जमिनीला समांतर ठेवून, गालाच्या आतल्या बाजूला टोक ठेवा आणि छोट्या कुत्र्याला एका वेळी एक-दोन मिलिलिटर द्या. त्याने गिळलेलं दिसल्यावर पुढचं. मान फिरवली, खोकला आला किंवा अन्न बाहेर ओघळू लागलं की थांबा. मळमळणाऱ्या कुत्र्याला बळजबरीने भरवलं तर त्याला त्या अन्नाचाच तिटकारा बसतो. त्याला आधी मळमळीचं औषध लागतं, आणि जास्त दिवस चालणार असेल तर डॉक्टर नळी घालून अन्न देण्याचा पर्याय सुचवतात.